आठ मिलिमीटर

सातारा, रविवार, रात्र

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

सकाळी फोनवर फार वैतागलेली होतीस. दहा दिवस त्या जुन्या वाड्याच्या नकाशासाठी टेप धरून उभी, केसांत जळमटं, आणि वर तो कोनाडा. खाली मापलास तर एक रुंदी, वर मापलास तर आठ मिलिमीटर जास्त. तीनदा मापूनही तेच. तुझ्या ग्रुपमधला कोणी म्हणाला, सरासरी काढ आणि मोकळी हो. मला तेव्हाच बोलायचं होतं, पण आईने फोन ओढून घेतला. (स्वेटर घालतेस की नाही, ते तिला वेगळं कळव.)

दिवाळीत तू त्या वास्तुइतिहासकार हाझेलबर्गरवरच्या लेखाची झेरॉक्स टेबलावर विसरून गेलीस. चार संध्याकाळ डिक्शनरी घेऊन बसलो आणि वाचून काढली. चौतीस वर्षं ड्राफ्ट्समनची नोकरी केली, पण आपल्या धंद्याचे पूर्वज मला पहिल्यांदाच भेटले, तेही तुर्कस्तानात.

दिदिमाचं अपोलोचं देऊळ तुला माहीतच आहे. इराण्यांनी जुनं पाडलं, मग अलेक्झांडरनंतर, इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास, नवं बांधायला घेतलं. पाचशेहून जास्त वर्षं काम चाललं आणि तरी अपुरंच राहिलं. आपल्याकडच्या पुलांना उगाच नावं ठेवतात. आत गाभारा म्हणावा तर वर छप्पर नाही, नुसता उघडा चौक आणि भोवती उंच संगमरवरी भिंती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनांनी तो उकरून मोकळा केला. त्यानंतर किती अभ्यासक आणि प्रवासी त्या भिंतींसमोरून गेले असतील! १९७९ मध्ये लोथार हाझेलबर्गर तिथे उभा असताना ऊन भिंतीला घासून तिरपं पडलं होतं, आणि त्याला दगडावर रेघा दिसल्या. केसासारख्या बारीक, अर्धा मिलिमीटरही खोल नाहीत. सरळ रेघा, वर्तुळं, कंस. भिंतीमागून भिंत भरलेली. ते त्या देवळाचेच नकाशे होते, बांधणाऱ्यांनी भिंतीवरच काढलेले. आधी लाल काव फासायची आणि मग टोकदार हत्याराने रेघ ओढायची, म्हणजे पांढरी उठून दिसते, अशी रीत असावी.

ते टिकले कशामुळे, तर काम अपुरं राहिलं म्हणून. भिंतीला शेवटचा हात मारून ती घासून गुळगुळीत करायची होती, आणि त्यात रेघा जाणारच होत्या. तो शेवटचा हात कधी फिरलाच नाही. आजही जे तीन खांब उभे आहेत, त्यांतल्या एकाला पन्हळी पाडायच्या राहून गेल्यात. ग्रीक देवळांचे नकाशे का सापडत नाहीत म्हणून विद्वान डोकं खाजवत होते. नकाशाच भिंत होता, आणि भिंत पुरी झाली की नकाशा गेला.

आता माझ्या आवडीचं. ग्रीक खांब सरळ निमुळता होत नाही, मध्ये किंचित फुगतो. दिदिमाच्या खांबाचा दांडा साधारण १८ मीटरचा, आणि फुगवटा जेमतेम काही सेंटिमीटरांचा. एवढा मंद बाक पुऱ्या मापात काढायचा तर कंसाचं केंद्र गावाबाहेर कुणाच्या तरी शेतात जाऊन पडेल. मग त्यांनी काय केलं? रुंदी पुऱ्या मापात ठेवली आणि उंची सोळा पटीने दाबली. त्यांच्या एका फुटाची १६ अंगुळं, म्हणून खऱ्या खांबाच्या प्रत्येक फुटाला चित्रात एक अंगूळ. १८ मीटरचा दांडा सव्वा मीटरच्या आत बसला आणि बाक कंपासने मारता आला. दगड घडवणाऱ्याने आपल्या फुटाची रेघ शोधायची, तिथली रुंदी जशीच्या तशी उचलायची आणि दगडावर टाकायची.

हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठलोच. अगं, हा तर आपला रस्त्याचा एल-सेक्शन, लांबीतला उभा छेद! आडवं माप एकास हजार, उभं एकास शंभर. नाहीतर चढउतार कागदावर दिसणारच नाही. आयुष्यभर हेच काढलं, आणि ही युक्ती इंग्रजांनी शिकवली असं समजत होतो. आईला सांगायला गेलो, तर म्हणाली, "बरं, पण दूध बघा."

रोमचंही त्याच झेरॉक्सात आहे. ऑगस्टसच्या समाधीसमोरच्या फरसबंदीवर कोरलेल्या रेघा आधीच सापडल्या होत्या. हाझेलबर्गरने १९९४ मध्ये दाखवलं की त्यातली तिकोनी आकृती पँथिऑनच्या दर्शनी भागाच्या त्रिकोणाशी मापासकट जुळते. दगड तिथे घडवायचे आणि मग जागेवर न्यायचे. ट्रेसिंग मात्र तिथेच राहिलं.

आता तुझा कोनाडा. अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाचं जोतं सपाट नाही, हे तुम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलं असेल. ६९ मीटरच्या लांब बाजूवर मध्यभाग सुमारे ११ सेंटिमीटर वर उचललेला आहे. १८४६-४७ मध्ये फ्रान्सिस पेनरोझ हा इंग्रज वास्तुविशारद तिथे जाऊन फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत मापं घेत बसला, तेव्हा त्याचा नीट हिशोब लागला. जमीन खचली असेल, दगड सरकले असतील, असं म्हणून त्यालाही आकडे सारखे करता आले असते. त्याने सगळे जसे आले तसे लिहिले, आणि लिहिल्यावर त्यांतून बाक सिद्ध झाला.

तुझा कोनाडा पार्थेनॉन नाही, मान्य. गवंड्याचा हात हलला असेल, नंतर कोणी गिलावा चढवला असेल, भिंत सुटली असेल. पण ते आज कळत नाही. ट्रेसिंगवर चुकलेली रेघ आम्ही ब्लेडने खरवडायचो, मग शाई पसरू नये म्हणून नखाने कागद घोटायचो. इतकी सफाईने की साहेबाला पत्ता लागत नसे. त्या कलेचा मला अभिमान होता. पण नव्या कामाच्या नकाशात ते चालतं. तू उभ्या वाड्याचा नकाशा काढते आहेस, तिथे ब्लेड चालवायचं नाही.

उद्या एक कर. अंधार पडल्यावर बॅटरी भिंतीला चिकटवून आडवी धर आणि कोनाड्याच्या कडेने हळूहळू फिरव. मी काल आपल्या हॉलमध्ये धरून पाहिली. गिलाव्यात थापीचे अर्धगोल फटकारे दिसले, आणि खिडकीखाली तू तिसरीत असताना कर्कटकाने कोरलेला मोरही. दोनदा रंग मारला, तरी आहे.

दोन्ही मापं लिही, खालचं आणि वरचं. कोणत्या उंचीवर घेतलं तेही लिही. बाजूला तारीख आणि टेप कोणी धरला होता त्याचं नाव टाक. शाईने लिही.

चटणीचा डबा मंगळवारच्या एसटीने पाठवतो.

तुझा
बाबा