'वनस्पतिजन्य' म्हटले की झाले का?

महोदय,

कोरड्या त्वचेसाठीच्या वनस्पतिजन्य प्रसाधनांवरील लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. ग्लिसरीनसारखे घटक पाणी धरून ठेवतात, तेले त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील फटी भरतात आणि मेण वरून पातळ थर धरून पाणी उडू देत नाही, हे लेखिकेने सोपे करून सांगितले आहे. मात्र घटक वनस्पतीपासून मिळवलेला आहे, म्हणजे तो पर्यावरणाला निर्धोकच असणार, असा जो सूर लेखभर आहे, तो मला पटला नाही.

लेख संपल्यावर घरातलीच मॉइश्चरायझरची बाटली घेऊन बसले. दर्शनी बाजूस कोरफडीचे टवटवीत पान आणि '९८ टक्के नैसर्गिक' अशी ठळक अक्षरे होती. मागची घटकांची यादी वाचायला मात्र भिंग शोधावे लागले. यादीत पहिले नाव पाण्याचे, आणि कोरफडीचा अर्क फिनॉक्सिएथेनॉल या परिरक्षकाच्या, म्हणजे प्रसाधन खराब होऊ न देणाऱ्या रसायनाच्याही खाली. घटक सहसा प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, एक टक्क्याच्या आतले तेवढे कसेही लिहिता येतात, आणि हे परिरक्षक एक टक्क्याहून जास्त वापरण्यास बहुतेक ठिकाणी मनाई आहे. म्हणजे चित्रातल्या कोरफडीचा अर्क बाटलीत फार तर टक्काभर. ९८ टक्क्यांचा हिशेब कसा केला, ते बाटलीवर दिलेले नव्हते. पण आयएसओ १६१२८ या मानकाच्या पद्धतीने आकडा काढला, तर पाणीही नैसर्गिक म्हणून धरता येते. घटक कोठून आणि कसे आणले, याच्याशी त्या आकड्याचा काहीही संबंध नसतो.

वनस्पतींकडे वळल्याने खरोखर भले झाले, अशी उदाहरणे आहेत, हे मान्यच केले पाहिजे. १९७० च्या दशकात स्पर्म व्हेलच्या तेलाची जागा होहोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांच्या तेलाने घेतली. त्वचा मऊ ठेवणारे स्क्वालेन पूर्वी खोल समुद्रातील शार्कच्या यकृतापासून काढत. हे मासे उशिरा वयात येतात आणि त्यांना पिल्लेही थोडी होतात, त्यामुळे एकदा घटलेली संख्या सहजासहजी भरून येत नाही. आता स्क्वालेन ऑलिव्ह तेलाच्या शुद्धीकरणात उरणाऱ्या अंशापासून किंवा उसाची साखर आंबवून मिळवता येते. अडचण अशी, की शार्कचे असो वा उसाचे, यादीत नाव एकच लिहिले जाते. ग्लिसरीनचेही तसेच, ते पामच्या तेलाचे, नारळाचे, प्राण्यांच्या चरबीचे की खनिज तेलापासून बनवलेले, हे नावावरून कळत नाही.

पामचे नाव निघाले की जंगलतोडीची आठवण होते, आणि ती योग्यच आहे. पण 'पामविरहित' या शिक्क्यानेही लगेच हुरळून जाऊ नये. पामपासून हेक्टरी तीन टनांहून अधिक तेल मिळते, तर नारळापासून सरासरी एक टनही मिळत नाही. तेवढेच तेल नारळापासून काढायचे, तर जमीन कितीतरी जास्त लागेल. शाश्वत पाम तेलासाठी २००४ मध्ये स्थापन झालेल्या आरएसपीओ या संस्थेच्या प्रमाणपत्राचेही प्रकार आहेत. त्यांपैकी एकात प्रमाणित आणि अप्रमाणित तेल टाकीत एकत्र केलेले चालते, हिशेबाच्या वहीत मात्र मेळ बसावा लागतो. आपण बाटली घेतो तेव्हा शिक्का दिसतो, वही दिसत नाही.

शिया बटरची, म्हणजे शिया झाडाच्या बियांपासून काढलेल्या लोण्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. आफ्रिकेच्या सहाराखालील कोरड्या पट्ट्यात ही झाडे बहुतांशी आपोआप उगवतात आणि फळ धरायला त्यांना साधारण पंधरा ते वीस वर्षे लागतात. स्त्रिया खाली पडलेली फळे वेचतात, त्यामुळे झाडाला इजा होत नाही. पण पुढे बिया उकळायच्या, वाळवायच्या, भाजायच्या आणि पाण्यात घोटून लोणी काढायचे, तर पारंपरिक पद्धतीत सरपण भरपूर लागते, आणि ते पुन्हा आसपासच्या झाडझाडोऱ्यातूनच येते. तेव्हा 'झाड न तोडता मिळवलेले' हे वाक्य खरे असूनही अपुरे ठरते. चूल कोणती होती आणि वेचणारीच्या हाती किती पैसे पडले, हे समजल्याशिवाय त्या लोण्याला शाश्वत म्हणण्याची घाई मी तरी करणार नाही.

माझ्या बाटलीतले ग्लिसरीन कोठून येते, हे मी उत्पादकाला ई-मेलने विचारले होते. बऱ्याच दिवसांनी उत्तर आले: 'आमचे सर्व घटक निसर्गातून घेतलेले आहेत.' एकट्यादुकट्या ग्राहकाची अशी बोळवण करता येते. वृत्तपत्राच्या प्रतिनिधीची करणे थोडे कठीण जाते. म्हणून विनंती अशी, की पुरवणीत पुढच्या वेळी एखाद्या क्रीमची शिफारस छापताना त्यातील ग्लिसरीन, तेल आणि मेण कोणत्या वनस्पतीचे व कोठले, हे उत्पादकाला लेखी विचारावे आणि उत्तर आले नाही, तर तेही त्याच चौकटीत छापावे.

आपली,
एक नियमित वाचक