जर-तरच्या वाक्यांना एकच उत्तर का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थ्यांसाठीच्या पानावर सध्या इंग्रजी व्याकरणाचा सराव येतो. त्यात विस्कटलेले शब्द नीट लावून जर-तरची वाक्यं करायची असतात. माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणारी मुलं ते कात्रण वहीत चिकटवून आणतात आणि शब्द लावायला आवडीने बसतात. व्याकरणाच्या तक्त्यांना एरवी कंटाळणारी मुलंही यात रमतात. हा उपक्रम चालू ठेवावा, एवढंच सांगायचं असतं तर पत्र लिहिलं नसतं. माझं म्हणणं दुसऱ्या दिवशी छापून येणाऱ्या उत्तरांबद्दल आहे. तिथे प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर असतं, आणि पुष्कळदा ते एकमेव बरोबर उत्तर नसतं.

एक संच घेऊन बघू : हॅड, अस, इफ, हेल्प्ड, वी, हर, वुड, शी, कॉल्ड, हॅव. प्रश्न काढणाऱ्याच्या मनात 'इफ शी हॅड कॉल्ड अस, वी वुड हॅव हेल्प्ड हर' हे वाक्य असणार. तिने आम्हाला फोन केला असता तर आम्ही तिला मदत केली असती. आता तेच 10 शब्द पुन्हा लावा. 'इफ वी हॅड कॉल्ड हर, शी वुड हॅव हेल्प्ड अस'. फोन आम्ही केला असता तर मदत तिने केली असती. एकही शब्द वाढला नाही, एकही उरला नाही. क्रियापदांची अदलाबदल करा : तिने आम्हाला मदत केली असती तर आम्ही तिला फोन केला असता. किंवा आम्ही तिला मदत केली असती तर तिने आम्हाला फोन केला असता. असे 4 वेगळे अर्थ झाले. त्यातल्या प्रत्येकात इफचा भाग आधी घ्या किंवा नंतर, इंग्रजीला दोन्ही चालतं. म्हणजे साधी विधानंच 8 झाली. शेवटी प्रश्नचिन्ह धरलं तर आणखी होतील, ती मी मोजत नाही. या 10 शब्दांचे एकूण क्रम 36,28,800 होतात. त्या ढिगातून मुलाने नियमात बसणारं वाक्य शोधून काढलं, तर त्याला चूक म्हणायचं कशाच्या आधारावर?

लहान वाक्यातही हेच होतं. इफ, यू, हीट, आइस, इट, मेल्ट्स हे शब्द दिले की 'इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स' होतं, आणि 'आइस मेल्ट्स इफ यू हीट इट'ही होतं. दुसरं वाक्य मला जास्त आवडतं, कारण बोलताना माणूस असंच बोलतो. माझ्या एका विद्यार्थिनीने तेच लिहिलं होतं. मग तिने ते दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या उत्तराशी जुळवून पाहिलं आणि माझ्याकडे येण्याआधीच त्यावर आडवी रेघ मारून खाली 'योग्य' वाक्य उतरवलं. मला वाईट वाटतं ते या रेघेचं. तिला नियम आला होता, वाक्याचा कानही होता, आणि दोन्हींवरचा विश्वास तिने छापील ओळीपुढे सोडून दिला. मोबाइलवरच्या सराव-ॲपमध्येही हेच दिसतं. तिथे तर लाल फुली लगेच येते आणि कारण विचारायला समोर कोणी नसतं.

यावर कोणी म्हणेल की इफ मोठ्या अक्षराने दिला आणि स्वल्पविरामही दिला की क्रम ठरून जातो. ते खरं आहे. इफचा भाग आधी आला की त्यानंतर स्वल्पविराम येतो, नंतर आला की सहसा येत नाही. पण मग सुरुवात कुठून हे मुलाला आयतंच मिळतं, आणि कोणी कोणाला फोन केला हा गोंधळ तरीही राहतोच. खुणा द्यायच्या तर सगळ्या संचांत द्याव्यात आणि 'इफने सुरुवात करा' असं स्पष्ट लिहावं. द्यायच्या नसतील तर सगळी बरोबर वाक्यं मान्य करावीत. आज काही संचांत मोठं अक्षर असतं, काहींत नसतं, आणि उत्तर मात्र सगळीकडे एकच.

मराठी मुलांना ही वाक्यं अवघड का जातात, हेही त्या पानावर यायला हवं. आपल्या संकेतार्थी वाक्यात दोन्ही बाजूंना 'असता' येतो : पाऊस पडला असता तर पीक आलं असतं. दोन्ही पारडी सारखी. इंग्रजीत मात्र इफच्या बाजूला हॅड आणि दुसऱ्या बाजूला वुड हॅव. मूल मराठीतली ही सारखेपणाची सवय घेऊन येतं आणि 'इफ शी वुड हॅव कॉल्ड' असं लिहितं. इंग्रजी मातृभाषा असलेले काही लोकही बोलताना असं म्हणतात, पण परीक्षेत ते चालत नाही. शिवाय आपण 'जर' बिनदिक्कत गाळतो आणि सगळा भार 'तर'वर टाकतो. इंग्रजीत उलटं आहे. तिथे इफ सहसा लागतो आणि तरची जागा बहुतेक वेळा नुसता स्वल्पविराम घेतो.

त्याहून मोठी अडचण काळाची आहे. 'आमच्याकडे वेळ असता तर आम्ही थांबलो असतो' हे आपण आत्ता निघताना म्हणतो आणि मागच्या वर्षीच्या प्रसंगाबद्दलही म्हणतो. इंग्रजीत आत्ताचं वाक्य 'इफ वी हॅड टाइम, वी वुड स्टे' आणि गेलेल्या वेळेचं 'इफ वी हॅड हॅड टाइम, वी वुड हॅव स्टेड'. विस्कटलेल्या शब्दांत हॅड दोनदा दिसला की मुलांना ती छपाईची चूक वाटते आणि ती एक हॅड सोडून देतात. ही मुलं बेफिकीर नसतात. मराठी वाक्य जो भेद दाखवत नाही, तो त्यांच्या डोळ्यांना अजून दिसायला लागलेला नसतो.

म्हणून मी मुलांना इफला आधी हात लावू देत नाही. आधी क्रियापदांच्या साखळ्या शोधायच्या. विल दिसला की त्याच्यानंतर मूळ रूप लावायचं, आणि इफच्या बाजूला साधा वर्तमानकाळ. 'इफ इट विल रेन' नाही, 'इफ इट रेन्स'. वुडनंतर नुसतं मूळ रूप असेल तर इफकडे साधा भूतकाळ. वुडनंतर हॅव आणि तिसरं रूप आलं तर इफकडे हॅड आणि तिसरं रूप. साखळ्या लागल्या की उरतात कर्ते आणि कर्म, ते जोडायला वेळ लागत नाही. 'इफ आय हॅड टेकन द मेडिसिन, आय वुड बी वेल नाऊ' यासारखी, एक बाजू गेलेल्या वेळेची आणि दुसरी आत्ताची असलेली वाक्यं या चौकटीत बसत नाहीत. ती मी मागाहून घेते. पहिल्याच आठवड्यात ती दिली तर मुलं बावचळतात.

एवढं लिहून झाल्यावर माझ्या दोनच विनंत्या आहेत. उत्तरं छापताना बसतील तेवढी सगळी वाक्यं द्यावीत. जागा नसेल तर 'नियमात बसणारा दुसरा क्रमही बरोबर' एवढी ओळ तरी खाली असावी. दुसरी विनंती अशी की प्रत्येक संचावर मराठीत एक ओळ प्रसंग द्यावा. 'तिने फोन केला नाही, म्हणून आम्ही मदतीला गेलो नाही' एवढं वर लिहिलं की वरच्या 8 वाक्यांतली 6 आपोआप बाद होतात. उरलेल्या दोनांत फक्त इफचा भाग आधी की नंतर एवढाच फरक राहतो, आणि ती दोन्ही बरोबर द्यावीत. प्रसंग समोर असला की मूल शब्द ढकलत बसत नाही. काय घडलं, काय घडलं नाही, हे मनात धरून वाक्य लिहितं. असे प्रसंग लिहून द्यायला मी आनंदाने तयार आहे, त्याचं मानधन नको. आपण कळवावं, म्हणजे पुढच्या संचांसाठी लिहायला घेईन.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका