बारमधल्या ड्रमसेटचे हरवलेले वॉशर

मा. संपादक,

गोव्याच्या किनाऱ्यावर काय, पुण्या-मुंबईत काय, बारमधला ड्रमसेट शेकडो हातांखालून गेलेला असतो. ड्रम बहुधा ठीकच असतात, नडतात ते किरकोळ भाग. सिंबल म्हणजे झांजेसारखी धातूची थाळी; तिच्या स्टँडवरची नायलॉनची नळी आणि फेल्टचे वॉशर (मऊ चकत्या) गायब असले की धातूवर धातू घासतो, सिंबलचं मधलं भोक लांबट होतं आणि तिथूनच चीर जाते. उसन्या सिंबलचं असं नुकसान पाहवत नाही. म्हणून नळ्या, वॉशर, विंगनट (हाताने फिरवायचे नट), ड्रम-की (ड्रमचे बोल्ट आवळायची किल्ली) आणि हाय-हॅटचा, म्हणजे पायाने मिटणाऱ्या सिंबलच्या जोडीचा, क्लच (वरचं सिंबल धरणारी पकड) वादकाने खिशातच ठेवावा. स्नेअर (खाली तारा असलेला छोटा ड्रम), सिंबल, किक पेडल (पायाने बेस ड्रम वाजवायचं) शक्यतो स्वतःचं न्यावं, शिवाय स्नेअरसाठी 14 इंची जादा हेड, म्हणजे ड्रमवर ताणलेला पडदा.

गुळगुळीत फरशीवर बेस ड्रम (जमिनीवरचा मोठा ड्रम) पुढे सरकतो. खाली साधारण 6 बाय 4 फुटांची सतरंजी घालून आपलं स्टूलही तिच्यावरच ठेवावं. बसणाऱ्याच्या वजनाने ती जागची हलत नाही. हेड सैल वाटलं तर समोरासमोरचे बोल्ट पाव-पाव वळसा आवळावेत, एकाच बाजूचे नव्हे.

बारमालकांनी निदान ही सतरंजी आणि वॉशरचा डबा जागेवर ठेवावा, ही कळकळीची विनंती.

— एक ड्रमवादक, पणजी