सूचना: वेंगुर्ला रॉक्स सागरी पक्षी निरीक्षण फेरी

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, रविवार, दि. २२ फेब्रुवारी रोजी निवती बंदरातून होडीने वेंगुर्ला रॉक्स या समुद्रातील खडकाळ बेटांची फेरी काढण्याचे ठरले आहे. सभासदांनी पहाटे ६ वाजता धक्क्यावर हजर राहावे. मतलई वारा असेपर्यंत समुद्र शांत असतो आणि दुपारी खारा वारा धरला की परतीला लाटा वाढतात, त्यामुळे कोणासाठीही थांबता येणार नाही.

दीपगृहाच्या बेटाभोवतीचे उघडे, विष्ठेने पांढरे झालेले कडे, कपारीत शिरून फेसाळत परतणारे पाणी आणि कड्यांवरून सूर मारणारे सुरय पक्षी होडीतूनच पाहायचे आहेत. येथील गुहेत पाकोळी पक्ष्यांची मोठी वसाहत असून ते आपल्या लाळेने खडकाला घरटी चिकटवितात. याच घरट्यांची पूर्वी चोरटी विक्री झाली आहे. हा विणीचा हंगाम असल्याने पुढील नियम कसोशीने पाळावेत, ही कळकळीची विनंती.

१. कोणीही बेटावर उतरू नये किंवा होडी गुहेच्या तोंडाशी नेण्याचा आग्रह तांडेलाकडे (होडीच्या मुख्य नाविकाकडे) धरू नये. पिल्ले सोडून पक्षी उडाले, तर ती उन्हात तडफडतात.
२. लाइफ जॅकेट बंदरात परत येईपर्यंत अंगावर असावे.
३. ड्रोन, स्पीकर व फ्लॅश आणू नयेत. दुर्बीण जरूर आणावी.
४. पाणी, टोपी व होडी लागत असल्यास औषध सोबत घ्यावे. कचरा परत आणावा.

हवा बिघडल्यास तांडेलाचा निर्णय अंतिम राहील. नावे बुधवारपर्यंत सचिवांकडे नोंदवावीत.