रेतन मोजू नका, गाभण जनावरं मोजा

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

दिवाळी सरली की म्हशी माजावर येऊ लागतात. इथून संक्रांतीपर्यंतचे दिवस साधले तर म्हैस पुढच्या भाद्रपद-आश्विनात विते आणि सणासुदीला दूध हाती येतं. हे दिवस हुकले तर उन्हाळ्यात मुका माज. म्हैस ओरडत नाही, सोट म्हणजे माजाचा चिकट स्राव दिसत नाही, रात्रीच कधीतरी माज येऊन जातो. नेमक्या याच हंगामात आमच्या भागातल्या जनावरांच्या दवाखान्यातलं द्रवनत्र, म्हणजे गोठवलेलं रेत ठेवायचा द्रवरूप नायट्रोजन, संपलं. दोन आठवडे गाडी आली नाही. त्या काळात कृत्रिम रेतनाने भरवलेली बहुतेक जनावरं उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. रजिस्टरमध्ये मात्र प्रत्येकापुढे ‘रेतन केले’ अशी नोंद आहे. २०१९ च्या सप्टेंबरात देशभर कृत्रिम रेतनाचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा दारात येऊन मोफत सेवा देऊ असं आम्हाला सांगितलं होतं. दारात आलेली रेताची कांडी मेलेली असेल, तर ती मोफत मिळून आम्ही काय करायचं?

साहेब, आपल्या बैठकांत उद्दिष्टांचे आकडे मांडले जातात. कांडीत काय असतं ते तिथे कुणी सांगत नसावं, म्हणून आम्ही सांगतो. पाव मिलिलिटरची ती नळी. तिच्यात किमान दोन कोटी शुक्रजंतू आणि वितळवल्यावर त्यातले निम्मे तरी चालते-पोहते असले पाहिजेत, असा निकष आहे. ते जिवंत राहतात उणे १९६ अंश सेल्सिअसला, द्रवनत्रात बुडलेले असताना. नत्राची पातळी उतरून कांडी उघडी पडली की आतले बर्फाचे कण वाढतात आणि शुक्रजंतूंची आवरणं फाटतात. नंतर कंटेनर काठोकाठ भरला तरी मेलेले जंतू उठत नाहीत. बाहेरून मात्र काहीच कळत नाही. कांडीचा रंग तोच, वर छापलेला वळूचा क्रमांक तोच. शेतकऱ्याला ते एकवीस दिवसांनी कळतं, म्हैस पुन्हा ओरडायला लागली की.

हे टाळायला कोरडी लाकडी पट्टी पुरते. ती कंटेनरच्या तळापर्यंत घालायची, दहा-पंधरा सेकंद धरायची, बाहेर काढून हवेत हलवायची. जिथवर पांढरं हिंव धरतं तिथवर नत्र. पोकळ नळी कधी घालू नये, नत्र उसळून तोंडावर येतं. रोज सकाळी एका मिनिटाचं काम आहे. ही पातळी दवाखान्याच्या भिंतीवरच्या फळ्यावर तारखेसह लिहा, आम्ही येता-जाता वाचू. नत्र ठरलेल्या पातळीखाली गेलं आणि गाडी आली नाही, तर त्या दिवसापासून रेतन बंद असंही त्याच फळ्यावर लिहा. ‘आज येऊ नका’ हे आम्ही ऐकून घेऊ. मेलेली कांडी भरून परत पाठवणं ही फसवणूक आहे. आणि प्रत्येक दवाखान्यात चालू स्थितीतला एक सूक्ष्मदर्शक द्या. कोमट काचपट्टीवर एक थेंब ठेवला की जंतू पोहतात की पडून आहेत ते तिथल्या तिथे दिसतं. नवा साठा आला की त्यातली एक कांडी अशी तपासायलाच हवी.

कांडी चांगली असली तरी पुढे हात चुकतात. चिमट्याने काढताना कांड्यांचा पेला कंटेनरच्या मानेच्या वर आणायचा नसतो. आठ-दहा सेकंदांत कांडी सापडली नाही तर पेला पुन्हा बुडवायचा, मग शोधायचं. कांडी वितळवायची ३७ अंशांच्या पाण्यात, ३० सेकंद. त्यासाठी थर्मास लागतो आणि साधा थर्मामीटर लागतो. शर्टाच्या खिशात टाकून किंवा तळहातावर चोळून कांडी वितळवण्याची पद्धत सर्रास चालते, ती बंद करा. मग कांडी कोरडी पुसायची, कारण पाण्याचा थेंब आत गेला तरी जंतू मरतात. सीलबंद टोक सरळ कापायचं, तिरकं कापलं तर रेत सोडायच्या गनच्या आवरणनळीत नीट बसत नाही आणि रेत मागे गळतं. गन गर्भाशयमुखाच्या तीन-चार कड्या ओलांडून शेवटच्या कडीच्या जेमतेम पुढे न्यायची आणि दट्ट्या सावकाश दाबायचा. घाईत रेत कड्यांच्या अलीकडेच पडलं तर जनावर उलटतं. जोर करून गन गर्भाशयाच्या एका शिंगात, म्हणजे फाट्यात, खोल घातली तर गर्भाशयाला इजा होते. हे हाताला समजायला शेकडो जनावरं तपासावी लागतात. थोड्या दिवसांचं प्रशिक्षण देऊन गावात सोडलेल्या पोरांचा यात दोष नाही. त्यांच्या हाताशेजारी अनुभवी हात ठेवण्याची जबाबदारी आपल्या खात्याची होती.

वेळेचं तर विचारूच नका. गाईचा माज बारा ते अठरा तासांचा. स्त्रीबीज सुटतं माज संपल्यावर दहा-बारा तासांनी आणि टिकतं थोडेच तास. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा सोट लोंबतो आणि दुसरं जनावर अंगावर चढलं तरी गाय स्थिर उभी राहते, तो खरा माज. सोटात पू दिसला तर भरवायची नाही, आधी गर्भाशयाचा उपचार. निरणाला, म्हणजे योनीच्या तोंडाशी, रक्त दिसलं तर वेळ निघून गेली, तारीख लिहून ठेवायची आणि अठराव्या दिवसापासून लक्ष ठेवायचं. हे सगळं आमच्या बायकांना तोंडपाठ आहे. पण शनिवारी संध्याकाळी माज दिसला तर रविवारी सकाळी यायचं कुणी? जनावर सरकारी सुट्ट्यांची यादी पाहून माजावर येत नाही. पदं रिकामी, एकेका डॉक्टरकडे दोन-दोन दवाखाने, आणि जे हजर आहेत ते दुपारभर मोबाइलवर माहिती भरत बसलेले.

ती माहिती तरी कामाला यावी. जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला आहे. कोणत्या वळूची कांडी भरली हे त्या क्रमांकावर नोंदलं असेल, तर तीन वर्षांनी त्याच वळूची कांडी त्याच्याच लेकीला भरली जाणार नाही. हे तपासायला कुणी सांगितलंय? विचारलं जातं ते एवढंच, की महिन्यात रेतनं किती. या आकड्यापायी जनावर गाभण आहे का हे न तपासता भरवलं जातं. गाभण गाय कधीकधी माज दाखवते, तेव्हा गन आत गेली तर गर्भ पडतो. आकडा एकाने वाढतो आणि वासरू जातं.

एका माजाची किंमत सांगतो. दिवसाला दोनशे रुपयांचा चारा-पेंड धरा. एकवीस दिवसांचे ४,२०० रुपये. एका हंगामात तालुक्यातली पाचशे जनावरं एकदाच उलटली असं धरलं तरी एकवीस लाख होतात. ते आमच्या खिशातून गेले. सारखी उलटणारी गाय वांझ ठरते आणि तिला गिऱ्हाईक नाही. २०१५ पासून गोवंश हत्याबंदी बैल-वळूंनाही लागू झाली, त्यामुळे गोऱ्हा झाला तर तोही दावणीलाच. कायदा केलात, मग लिंगनिर्धारित रेत तरी वेळेवर पुरवा. त्यात दहातल्या नऊ कालवडी होतात हे खरं. पण त्या कांडीत जंतू कमी असतात आणि गाभण राहण्याचं प्रमाण साध्या रेतापेक्षा कमी पडतं, हे शेतकऱ्याला आधी सांगा. ती निरोगी, चांगल्या वजनाच्या कालवडींनाच भरा. संकरित कालवड अडीचशे किलोची होण्याआधी भरवूच नये. पंढरपुरी म्हशीच्या मालकाने पंढरपुरीची कांडी मागितली तर ‘मुऱ्हाच आहे, घ्यायची तर घ्या’ हे उत्तरही बंद व्हावं. कमी चाऱ्यावर तग धरणारी आणि वेळेवर गाभण राहणारी म्हणून पिढ्यानपिढ्या सांभाळलेली ती म्हैस आहे.

आम्ही अनुदान मागत नाही. प्रत्येक दवाखान्याचं काम दोन आकड्यांवर मोजा: भरवल्यानंतर साठ ते नव्वद दिवसांत हाताने तपासून गाभण ठरलेली जनावरं आणि त्यातून जन्मलेली वासरं. किती कांड्या संपल्या यावर कुणाला शाबासकी देऊ नका आणि कुणाचा पगारही अडवू नका. शनिवार-रविवारची पाळी लावा. नत्राच्या गाडीचं वेळापत्रक गावात जाहीर करा.

त्या दोन आठवड्यांत उलटलेल्या म्हशींपैकी ज्यांचा हाही माज हुकला, त्या आणखी एकवीस दिवसांनी पुन्हा माज दाखवतील. तारखा आम्ही गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवल्या आहेत. पहिली तारीख येत्या सोमवारची आहे. त्याआधी कंटेनर भरलेला हवा.

आपले,
तालुक्यातील दूध उत्पादक शेतकरी