होमस्टेडहून आलो आणि तुझे बाबा आठवले

प्रिय पक्या,

काल होमस्टेडला जाऊन आलो, पिट्सबर्गला लागूनच आहे, मोनोंगाहेला नदीच्या काठी. कार्नेगीची स्टीलची मिल होती तिथे आता शॉपिंग सेंटर आहे, जुन्या १२ चिमण्या तेवढ्या ओळीने उभ्या ठेवल्यात आणि काठावर पंपहाऊस. घरचे सगळे खरेदीला गेले, मी पंपहाऊसपाशीच बसून राहिलो आणि सारखे तुझे बाबा आठवत होते.

१८९२ चा इथला संप मजुरीवरून झाला असं आपण वाचलेलं, ते खरंच आहे, पण अर्धंच. मजुरी स्टीलच्या भावाला बांधलेली होती, आणि भाव कितीही पडला तरी टनाला २५ डॉलर धरूनच मजुरी द्यायची असं ठरलेलं. कंपनीला तो आकडा २२ करायचा होता. घासाघीस होऊन कंपनी २३ वर आली, युनियन २४ वर. म्हणजे भांडण एका डॉलरवर आलेलं रे! मग तुटलं कुठे? कंपनीची अजून एक अट होती, करार ३० जूनला संपायचा तो इथून पुढे ३१ डिसेंबरला संपावा. मी इथे दोन हिवाळे काढलेत म्हणून मला ती अट वाचून कापरं भरलं. उन्हाळ्यात माणूस उसनवारी करून, परसात चार भाज्या लावून कसातरी तग धरतो, पण जानेवारीत घरात कोळसा नसेल तर पोराबाळांना घेऊन कोण संपावर बसणार? हे ज्याने कुणी कागदावर लिहिलं त्याला कामगाराचं घर आतून नीट माहीत होतं, आणि ते त्याने असं वापरलं याचा मला अजून राग येतोय.

कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमधे होता, सगळं फ्रिकवर, म्हणजे कंपनीचा कारभार बघणाऱ्या त्याच्या माणसावर, सोपवलेलं. फ्रिकने मिलभोवती उंच कुंपण घातलं, वर काटेरी तार, आणि ६ जुलैच्या पहाटे दोन बार्जमधून पिंकर्टन नावाच्या खाजगी डिटेक्टिव्ह एजन्सीची ३०० हत्यारबंद माणसं नदीतून आणली. दिवसभर गोळीबार, दोन्हीकडची माणसं मेली. नंतर गव्हर्नरने ८ हजारांवर सैनिक पाठवले आणि मिल बाहेरची माणसं आणून चालू झाली.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. कामगार ३८०० च्या आसपास आणि युनियनमधे जेमतेम ८००, सगळे कसबी कारागीर. बाकीचे हमाली कामाचे, त्यात स्लोवाक वगैरे बरेच, त्यांना युनियन आत घेतच नव्हती. त्या करारात त्यांचा एक पैसासुद्धा नव्हता, तरी ते उभे राहिले! साडेचार महिने! नोव्हेंबरमधे थंडी आली तेव्हा आम्हाला कामावर जाऊ द्या असं आधी त्यांनीच मागितलं, आणि २० तारखेला संप संपला. त्यांना मी दोष देणार नाही. बारा तासांची पाळी मात्र १९२३ पर्यंत तशीच राहिली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा तू केवढासा होतास. बाबांना जरा विचारशील का, पहिल्या महिन्यात घरात किराणा कुणी भरला होता, वाण्याने उधार दिलं की गावाहून तांदूळ आला? त्यांना बोलावंसं वाटलं तरच विचार. रविवारी फोन करतो.

तुझा,
सुन्या