पान्हा छापून आण

चि. सोनू,

फोनवर तुझी नेहमी गडबड असते म्हणून टाइप करतोय, चष्मा नवीन आहे, चुका झाल्या तर सांभाळून घे.

परवा इथल्या शाळेत तू ऑनलाइन बोललीस ते मी मागच्या बाकावर बसून ऐकलं. २०१४ मध्ये स्पेस स्टेशनवर थ्रीडी प्रिंटर नेला, डिसेंबरात जमिनीवरनं नुसती फाइल पाठवली आणि वर चारेक तासात पान्हा छापून निघाला, पोरं गारच झाली. ४०० किलोमीटरवरपण गुरुत्वाकर्षण इथल्यापेक्षा थोडंच कमी, सगळं एकत्र पडत राहतं म्हणून वजन लागत नाही म्हणतेस, ते मला अजून पचलं नाय. पण रिळावरचा प्लास्टिकचा दोरा वितळवून थरावर थर, हे लगेच कळलं, दोऱ्याचं आम्हाला काय सांगतेस!

एक बोलू का, राग मानू नको. पहिल्या बाकावर एक पोरगा होता, त्याला दिसत नाही. तू सारखं "इथं बघा, ही रेघ बघा" करत होतीस आणि तो बिचारा नुसती मान हलवत होता. कुणीच मागं राहू नये असं शिकवायचं म्हणून एवढी धडपडतेस आणि आपल्याच गावात हे?

मी सोलापूरच्या पूर्व भागात तीस वर्षं जकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उठवायचे भोकांचे पुठ्ठे केले. भोक असलं की दोरा उचलणारा हुक वर जातो, नसलं की नाही, एवढाच हिशोब, पण एक भोक चुकलं की चादरीवरच्या प्रत्येक मोरात तीच चूक. लाइट गेली की बोटानं चाचपून चूक काढायचो आम्ही. म्हणून दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा एक पुठ्ठा नेऊन त्या पोराच्या हातात दिला. त्यानं ब्रेल समजून वाचायला घेतला, बराच वेळ बोटं फिरवली आणि म्हणाला, "आजोबा, तुमच्या मोराला स्पेलिंग येत नाही." मग हुकाचं सांगितलं तर तासभर सोडेना मला.

तर गड्ड्याच्या जत्रेला येशील तेव्हा तोच पान्हा छापून आण, त्याची फाइल नासानं सगळ्यांसाठी ठेवलीय म्हणालीस ना? आणि एक अर्धवट छापलेलापण आण, म्हणजे आतली जाळी त्या पोराच्या बोटाला लागेल. कडा तेवढ्या घासून घे.

आईनं शेंगाचटणी कुटलीय, कुरियर करू की येऊन नेतेस ते कळव.

तुझे बाबा